सीतेच्या वेणीची कापलेली टोकं

तापीबाईने कुंडी आडवी केली, कोळशातून मुळं अलगद बाहेर ओढली आणि नाकाशी धरली. एकदा हुंगलं, तोंड फिरवून श्वास सोडला, पुन्हा हुंगलं. वनपाल राजेंद्र वळवी कमरेवर हात ठेवून शेजारी उभे होते.

“सडेल नही शेत, साहेब,” ती म्हणाली. “सडता तं नाकले कयतं.”

“नाकाचं राहू द्या, तापीबाई. पानांकडे बघा.”

पानांकडे ती गेले पंधरा दिवस दुसरं काही न करता बघतच होती. खापरच्या रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली एकशे तीस कुंड्या टांगलेल्या होत्या. भोकाभोकांच्या मातीच्या कुंड्या, आत कोळसा आणि विटांचे तुकडे, आणि वर सीतेची वेणी. साहेब तिला ऑर्किड म्हणत, तापीबाई नुसतं ‘वेण्या’ म्हणे. जवळजवळ प्रत्येक पानाचं टोक जळाल्यासारखं तपकिरी पडलं होतं आणि जळकेपणा रोज तांदळाच्या दाण्याएवढा खाली सरकत होता. राजेंद्र साहेबांनी फोटो काढून कुणा जाणकाराला पाठवले. उत्तर आलं की हा बुरशीचा करपा आहे, औषध फवारा. दोनदा फवारलं. करप्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग दुसरं उत्तर आलं, की सगळा माल जाळा, नाहीतर रोग जंगलात जाईल.

राजेंद्र साहेब काही वाईट माणूस नव्हते. स्वतः डोंगरातले, झाडाला हात लावण्याआधी चप्पल बाजूला काढणारे. पण या कुंड्या पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा जंगलातल्या झाडांवर चढवायच्या होत्या, आणि उद्या त्यांच्यातून रोग पसरला तर साऱ्या सातपुड्याचं पाप आपल्या माथी येईल, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. सोमवारी जाळायचं त्यांनी ठरवलं. त्याआधी शनिवारी शहाद्याच्या कॉलेजातल्या चारुलता मॅडम येऊन एकदा बघतील, एवढीच सवलत दिली.

तापीबाई या रोपवाटिकेत एकतीस वर्षं रोजंदारीवर होती. एवढ्या काळात दारावरची पाटी तीनदा बदलली आणि साहेब किती बदलले याचा हिशेब तिने सोडून दिला होता. पिशव्या भरणं, बी टोकणं, पाणी घालणं, तण काढणं, एवढंच तिचं काम. पण खापरच्या बाजारात कुणाची तुळस सुकली की ती कुंडी तापीबाईच्या ओट्यावर यायची. ती पान उलटं करायची, माती चिमटीत चोळायची, आणि काय ते सांगायची. फुकट. मात्र तिचं सांगणं चुकलं असं कुणी म्हटलं, तर ती त्या बाईशी वर्षभर बोलायची नाही. हाताचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. लपवावं असं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंही.

वेण्यांची गोष्ट मात्र नुसत्या अभिमानाची नव्हती. गेल्या उन्हाळ्यात हमरस्ता रुंद करायला जुने मोह आणि आंबे पाडायचे ठरले, तेव्हा त्यांच्या फांद्यांवरच्या वेण्या उतरवायला वरच्या पाड्यावरचा खात्या आला होता. झाड पडल्यावर काढल्या तर मुळं तुटतात, म्हणून झाड उभं असतानाच काढायच्या. साठीचा म्हातारा अकरा दिवस फांद्यांवर होता. वेणी सालीपासून तो अशी सोडवायचा, जणू खाली कुणी झोपलंय आणि त्याची गोधडी काढून घ्यायची आहे. शेवटच्या मोहावर त्याचा पाय सटकला आणि गुडघा कायमचा गेला. खाली आणला तेव्हाही त्याच्या हातात एक वेणी होती. ती तापीबाईकडे देत तो म्हणाला होता, “तापी बईन, ह्या तुन्हा जीववर सोडी ऱ्हायनू. झाडवर परत चढाडाना शेत.”

त्याचा गुडघा या कुंड्यांत होता. त्या सोमवारी जाळायच्या होत्या.

शनिवारी चारुलता मॅडम आल्या. पस्तिशीच्या, उन्हाने रापलेल्या, खांद्याला झोळी. वेण्या उतरवल्या तेव्हा प्रत्येकीला नंबर त्यांनीच दिला होता. त्यांनी भिंग काढलं आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. तासभर त्या एकेक पान उलटवून बघत होत्या. तापीबाई मागे मागे कुंड्या उतरवून देत होती, परत टांगत होती. शाळेत गुरुजी वही तपासत असताना पोरं उभी राहतात तशी ती उभी राहायची, आणि त्याचा तिला रागही येत होता.

शेवटी मॅडमनी राजेंद्र साहेबांना बोलावलं. बुरशीचा करपा असता, त्या म्हणाल्या, तर डागात गोल गोल कड्या दिसल्या असत्या, पुढे पिवळी किनार सरकत गेली असती. तो एका कुंडीत सुरू झाला असता आणि मग शेजारणीकडे गेला असता. इथे सगळ्या कुंड्यांना एकदमच लागलंय, सगळ्यांचं टोकच जळलंय, आणि डाग कोरडा, एका रेषेत थांबलेला. त्यांनी एक मूळ दाखवलं. निरोगी मुळाचं टोक हिरवं असतं. याचं काळं होतं, आणि दाबलं तर चुरा झाला.

“पाण्यातनं काहीतरी गेलंय,” मॅडम म्हणाल्या. “पान पाणी टोकाकडे ओढतं. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार टोकाशी साचतात. बोअरच्या पाण्याचं भांडं तळाशी पांढरं होतं ना, तसं.”

“बोअर तर एकतीस वर्षं तेच आहे,” साहेब म्हणाले. “आणि वेण्या वर्षभर याच पाण्यावर होत्या. तेव्हा काही झालं नाही.”

मॅडमनी भिंग झोळीत टाकलं. मग तापीबाईकडे वळल्या आणि साहेबांशी बोलायची मराठी सोडून म्हसावदची आपली घरची बोली बोलल्या. “मावशी, एक सांगा. कोन्ती वेणीले काहीच व्हयेल नही, आशी शे का एखादी?”

होत्या. सात होत्या. फाटकाजवळ मोहाच्या एका ओंडक्यावर बांधलेल्या, कुंडीशिवाय. त्यांची पानं हिरवीगार होती आणि टोकं होती तशी होती. सीतेच्या वेणीच्या पानाचं टोक मुळातच उंदराने कुरतडल्यासारखं दुभंगलेलं असतं, नवा साहेब पहिल्यांदा बघतो तेव्हा त्यालाच रोग समजतो. तिघंही त्या ओंडक्यापाशी जाऊन उभी राहिली. बोअरचं पाणी यांनाही तेच. ऊन तेच.

“इथे वारा आहे,” राजेंद्र साहेब म्हणाले. “मोकळी जागा, फाटक समोर. वाऱ्यामुळे वाचल्या असतील.”

मॅडम वाकून ओंडक्याची साल बघत होत्या.

तापीबाईला मात्र कळलं होतं. मॅडमच्या भिंगाला जे दिसलं नाही आणि साहेबांच्या फोनला जे सांगता आलं नाही, ते तिला त्या ओंडक्यापाशी उभ्या उभ्या एका क्षणात कळलं. ह्या सात वारा लागला म्हणून वाचल्या नव्हत्या. राख संपली होती म्हणून वाचल्या होत्या.

डोंगरात होळी दिवाळीपेक्षा मोठी. दर वर्षी होळी विझली की खात्या पळसाच्या पानात मूठभर राख बांधून तापीबाईला आणून द्यायचा. ती आधी कपाळाला लावायची, मग सागाच्या आणि बांबूच्या पिशव्यांत चिमूट चिमूट टाकायची. एकतीस वर्षांत त्या राखेने तिचं एकही रोप बिघडवलं नव्हतं, उलट रोपं तरारूनच यायची. या वर्षी वेण्यांची पहिली होळी, म्हणून तिने मुद्दाम पिशवीभर राख मागवली आणि चिमटीवर न भागवता मूठ मूठ टाकली. लेकीच्या पहिल्या सणाला हात आखडता कोण घेतो? एकशे तीस कुंड्या झाल्या आणि पिशवी संपली. वर दीड महिना रोज पाणी पडून राख दिसेनाशी झाली, आणि तिच्या डोक्यातूनही गेली.

गप्प बसणं फार सोपं होतं. साहेबांनी वाऱ्याचं नाव घेऊनच ठेवलं होतं. तिने मान डोलावली असती तरी पुरलं असतं. रोजंदारीच्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणायला एक वाक्य लागतं. आणि त्याहून वाईट म्हणजे बाजारातल्या बायका. ज्यांच्या तुळशी तिने तीस वर्षं तपासल्या, त्या ओट्यावर बसून हसल्या असत्या. पण ती गप्प राहिली असती तर सोमवारी खात्याच्या गुडघ्याची राख झाली असती. आणि तापीबाईला एक गोष्ट कधीच जमली नव्हती. झाडाला काय झालंय हे ठाऊक असताना न सांगणं.

ती वळली, जवळच्या कुंडीतून कोळशाचा तुकडा उचलला आणि जिभेला लावला. जीभ चावली. भांडी घासताना राखेचं पाणी हाताला जसं चावतं, अगदी तसं. आयुष्यभर तिने राखेने भांडी घासली होती, हाताची सालं गेली होती, आणि मुळांनाही कातडी असते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“वारा नही शे, मॅडम,” ती म्हणाली. “राख शे. होयीनी राख. बठ्ठी कुंडीसमा मी टाकी, मन्हा हातखाल. ह्या सातसले पुरनी नही.”

साहेबांनी टांगलेल्या कुंड्यांकडे पाहिलं. मग मॅडमनी तोच कोळसा घेतला आणि स्वतःच्या जिभेला लावला. कॉलेजातली बाई असं करेल असं साहेबांना वाटलं नसावं, त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मॅडमनी तोंड वाकडं केलं, थुंकल्या, आणि हसल्या.

“जाळू नका, साहेब,” त्या म्हणाल्या. “धुवायच्या आहेत.”

पण धुवायच्या कशाने? मॅडमनी झोळीतून पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढलं आणि हौदात बुडवलं. आकडा बघून त्यांनी मान हलवली. हेच पाणी वापरलं तर राखेचे क्षार जातील आणि बोअरचे बसतील. गोडं, हलकं पाणी हवं, आणि तेही शेकडो लिटर. पाऊस अजून दीड महिना लांब होता. साहेबांनी विचारलं, असं पाणी मिळणार कुठे? तापीबाईला ठाऊक होतं कुठे. तिथे जायचं म्हणजे खात्यासमोर उभं राहायचं होतं.

ती रविवारी साहेबांच्या जीपमधून वरच्या पाड्यावर गेली. खात्या झोपडीपुढच्या बाजेवर गुडघा लांब करून बसला होता. तिने पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. वेण्यांची टोकं जळाली, मुळं काळी पडली, आणि ते त्याने दिलेल्या राखेने झालं, तिच्या हाताने झालं. खात्या ऐकत होता. राखेचं नाव आलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. होळीची राख त्याच्या लेखी कुणाचं वाईट करूच शकत नव्हती. ती गुरांच्या कपाळाला लागते, लेकरांच्या बेंबीला लागते. त्याने तोंड डोंगराकडे फिरवलं. तापीबाईला वाटलं, आता हा आपल्याशी कधी बोलणार नाही, आणि तिला ते सोसेना.

“खात्या दादा, राखना दोस नही शे,” ती म्हणाली. “मन्हा हातना शे.”

खात्याने गुडघ्यावरून हात फिरवला.

“उमर गयी मन्ही झाडवर,” तो सावकाश म्हणाला. “तठे वारा देखा, दव देखं, माकडं देखात. राख कव्हय देखी नही. राख खाले ऱ्हास, बईन. ती वर चढत नही.”

तापीबाई बाजेच्या कडेला टेकली. एकतीस वर्षं तिने मातीतली रोपं वाढवली होती, आणि झाडावर राहणाऱ्या वेणीलाही ती मातीचीच लेक समजली. खात्याला खालची माती ठाऊक नव्हती, तिला वरची फांदी ठाऊक नव्हती. दोघांनी मिळून माया केली आणि मिळून चूक केली.

मग तो उठला. काठी घेतली आणि पाड्यामागच्या झऱ्याकडे निघाला. उन्हाळ्यातही त्या खडकातून बोटाएवढी धार चालू असे. मॅडमचं यंत्र साहेबांनी सोबत आणलं होतं. ते धारेखाली धरलं, आकडा बघितला, आणि आपल्याच डोंगराचं कौतुक झाल्यासारखे ते पहिल्यांदा हसले. पाड्यावरच्या बायकांनी दुपारपर्यंत घरातले सगळे कॅन भरून दिले. खात्या जीपमध्ये पुढे बसून खापरला आला.

पुढचे तीन दिवस तापीबाई घरी फक्त भाकरीपुरती गेली. एकेक वेणी सोडवायची, राखेचा कोळसा फेकायचा, मुळं झऱ्याच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायची, पाणी बदलून पुन्हा बुडवायची, आणि नव्या धुतलेल्या कोळशात बसवायची. मेलेल्या मुळांना कात्री. मग पानं. मॅडम म्हणाल्या होत्या, जळकं टोक परत हिरवं होत नाही, ते ठेवलं तर त्यावर खरीच बुरशी येऊन बसेल. म्हणून जळक्याच्या खाली, हिरव्यात जरासं आत, सरळ कापायचं. प्रत्येक कापाआधी ब्लेड दिव्यावर धरायचं, निवू द्यायचं, मग कापायचं, आणि कापल्या जागी हळद. हजारावर पानं झाली असतील. साहेबांनी सुचवलं, एका ब्लेडने पाच-पाच पानं कापून मग तापवा, वेळ वाचेल. तापीबाईने वर न बघता सांगितलं, साहेब, वेळ माझ्याकडे आहे. साहेब गेले आणि दुसरा दिवा पेटवून आणला. खात्या बाजूला बसून दोन्ही दिव्यांत आलटून पालटून ब्लेड तापवून देत राहिला.

बुधवारी साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी राखेतले क्षार लिहिले आणि थांबले. तापीबाई दारात उभी होती.

“मन्हं नाव लिखा,” ती म्हणाली. “टाकनारी मी शे.”

साहेबांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. एकतीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं, हजेरीवर नुसतं तापीबाई असायचं. त्यांनी ते नीट लिहिलं, आणि मग खालच्या ओळीत, रोग कुणी ओळखला या रकान्यातही, तेच नाव पुन्हा लिहिलं. वाचून दाखवलं. तापीबाई म्हणाली ठीक शे, आणि पाणी घालायला गेली. जाताना मात्र तिची मान नेहमीपेक्षा दोन बोटं वर होती.

अकरा वेण्या गेल्या. त्यांची मुळं बुंध्यापर्यंत मेली होती, आणि त्यांच्यासाठी तापीबाई कुंड्यांमागे जाऊन रडली, उघडपणे, पदराने तोंड न झाकता. उरलेल्यांनी तीन आठवडे काहीच केलं नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिला एका काळ्या मुळाच्या कडेने मूग फुटावा तसं हिरवं टोक दिसलं. ती ते कुणालाच न सांगता दिवसभर मिरवत राहिली. संध्याकाळी मॅडमना फोन केला आणि त्या वेणीचा फक्त नंबर सांगितला.

पावसाळ्यात वेण्या झाडांवर चढल्या. खात्या खाली बसून काठीने फांद्या दाखवत होता, आणि साहेबांनी आणवलेल्या शिडीवर माणसं चढत होती. कुठल्या बाजूला बांधायचं, सालीला किती घट्ट, यावरून त्याने सगळ्यांना मनसोक्त झापलं. पुढच्या होळीला तो नेहमीसारखा आला, पळसाच्या पानात मूठभर राख घेऊन. तापीबाईने ती कपाळाला लावली, सागाच्या पिशव्यांत चिमूट चिमूट टाकली. मग हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि तिथेच थांबून खात्याकडे बघून हसली.

जूनच्या सुरुवातीला अक्कलकुव्याच्या रस्त्याकडेच्या मोहावर वेण्या फुलल्या. पांढऱ्या-जांभळ्या, हातभर लांब, खाली लोंबत. येणारे जाणारे गाड्या थांबवून फोटो काढत होते. बाजाराहून परतताना तापीबाईही थांबली. फुलांकडे तिने एकदाच पाहिलं. ती पानं बघत होती. वरची नवी पानं कुरतडलेल्या टोकाची, वेणीची असावीत तशीच. खालची जुनी मात्र सगळी सरळ कापलेली.

फोन धरून उभी असलेली एक बाई म्हणाली, फुलं किती सुरेख, पण बघा ना, पानं कुणीतरी तोडलीत.

“मी काप्यात,” तापीबाई म्हणाली.

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती रोपवाटिकेकडे चालू लागली. सागाच्या पिशव्यांना पाणी घालायचं राहिलं होतं.